पीएलसीचा कंपनीकडून आलेला पासवर्ड: शोधायचा कसा, बदलायचा कसा, आणि बदलताच येत नसेल तर काय करायचे

२५ नोव्हेंबर २०२३ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, पिट्सबर्गजवळच्या अ‍ॅलिक्विपा गावाच्या पाणीपुरवठा संस्थेचे एक बूस्टर पंपिंग स्टेशन बंद पडले. रॅकून आणि पॉटर या दोन वस्त्यांना पुरेशा दाबाने पाणी पोहोचवणे हे या स्टेशनचे काम. पॅनेलच्या पडद्यावर दाबाचे आकडे दिसायला हवे होते. त्याऐवजी ‘तुम्ही हॅक झाला आहात’ अशा अर्थाचा मजकूर होता, आणि इस्रायलमध्ये बनलेले प्रत्येक उपकरण आमचे लक्ष्य आहे अशी धमकी. खाली ‘सायबरअ‍ॅव्हेंजर्स’ या गटाची सही. अलार्म आल्याबरोबर कर्मचाऱ्यांनी यंत्रणा ऑटोवरून काढली आणि पंप हाताने चालवले, त्यामुळे लोकांचे पाणी तुटले नाही.

आयर्लंडच्या मेयो परगण्यातील एरिस भागातल्या एका छोट्या ग्रामीण पाणी योजनेवरही त्याच सुमारास असाच हल्ला झाला. तिथे सुमारे १८० घरांना दोन दिवस पाणी मिळाले नाही.

दोन्ही ठिकाणी उपकरण युनिट्रॉनिक्स या इस्रायली कंपनीचे होते. अ‍ॅलिक्विपातला पीएलसी ‘व्हिजन’ मालिकेतला, म्हणजे पीएलसी (पंप, व्हॉल्व्ह, मोटर यांना हुकूम देणारा औद्योगिक संगणक) आणि एचएमआय (ऑपरेटरने पाहायचा-चालवायचा पडदा) एकाच डब्यात. अमेरिकी यंत्रणांनी या गटाचा संबंध इराणच्या रिव्होल्यूशनरी गार्डशी जोडला. हल्ल्याची पद्धत मात्र अतिशय साधी होती. ही उपकरणे थेट इंटरनेटवर, टीसीपी पोर्ट (नेटवर्कवरचे क्रमांक दिलेले दार) २०२५६ वर उघडी होती. त्यांचा पासवर्ड कंपनीने पाठवला तोच, ‘११११’, राहिला होता, किंवा मुळात नव्हताच. या त्रुटीला पुढे सीव्हीई या सुरक्षा-त्रुटींच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-२०२३-६४४८ हा क्रमांक मिळाला आणि १० पैकी ९.८ इतकी तीव्रता. अमेरिकी सरकारच्या नंतरच्या मोजणीनुसार किमान ७५ उपकरणे हल्लेखोरांच्या हाती गेली होती. त्यातली किमान ३४ अमेरिकेतल्या पाणी आणि सांडपाणी योजनांमधली.

नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रात, एमआयडीसीतल्या कारखान्यात, साखर कारखान्यात किंवा डेअरीत जे पीएलसी सांभाळतात, त्यांच्यासाठी हा लेख आहे. यातल्या बहुतेक पायऱ्यांना खर्च फारसा लागत नाही. वेळ, शटडाऊनची परवानगी आणि चिकाटी मात्र लागते.

‘पासवर्ड बदला’ एवढ्याने का भागत नाही

अशी बातमी आली की वरून एका ओळीची ईमेल येते: सगळे पासवर्ड बदला. मेंटेनन्सवाला जे बदलता येतात ते बदलतो, बाकीचे तसेच राहतात, आणि काम झाले असा अहवाल जातो. खरी अडचण अशी की पासवर्डच्या कमकुवतपणाचे तीन वेगळे प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. समोरचा डबा यातल्या कोणत्या प्रकारात मोडतो हे ठरवल्याशिवाय त्याला हात लावू नका.

पहिला प्रकार कंपनीच्या ठरावीक पासवर्डचा. तो मॅन्युअलमध्ये छापलेला असतो, सगळ्या जगाला माहीत असतो, पण बदलता येतो. युनिट्रॉनिक्सचा ‘११११’ यातला.

दुसऱ्या प्रकारात पासवर्ड किंवा गुप्त किल्ली (ओळख पटवण्यासाठी वापरला जाणारा गुप्त संकेत) उत्पादकाने उपकरणात अथवा सॉफ्टवेअरमध्येच कायमची बसवलेली असते, आणि ग्राहकाला ती बदलता येत नाही. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेटने सीमेन्सच्या विनसीसी या स्काडा (संगणकावरून सगळा प्लांट पाहण्याच्या आणि चालवण्याच्या) सॉफ्टवेअरच्या डेटाबेसचा असाच पक्का बसवलेला पासवर्ड वापरला. तो पासवर्ड त्याच्या दोन वर्षे आधीच इंटरनेटवर उघड झाला होता. तरीही सीमेन्सने ग्राहकांना तो बदलू नका असे सांगितले, कारण बदलला तर सॉफ्टवेअरचे भाग एकमेकांशी बोलेनासे होऊन प्लांटच अडचणीत आला असता. २०१२ मध्ये रगेडकॉमच्या औद्योगिक स्विचमध्ये ‘फॅक्टरी’ नावाचे छुपे खाते सापडले. त्याचा पासवर्ड उपकरणाच्या मॅक पत्त्यावरून (नेटवर्कवरच्या त्याच्या ओळखक्रमांकावरून) गणिताने काढता येत होता, आणि मॅक पत्ता तर लॉगिनच्या पडद्यावरच दिसायचा. अलीकडची दोन उदाहरणे जास्त मोठी आहेत. रॉकवेलच्या लॉजिक्स कंट्रोलरमधील किल्लीची त्रुटी २०२१ मध्ये जाहीर झाली, तिला १० पैकी १० तीव्रता मिळाली. सीमेन्सच्या एस७-१२०० आणि एस७-१५०० या कुटुंबांत सगळ्या सीपीयूंना (पीएलसीच्या मुख्य भागांना) एकच खासगी किल्ली असल्याचे २०२२ मध्ये क्लॅरोटी कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिले.

तिसरा प्रकार सगळ्यात जुना: पासवर्ड नावाची गोष्टच नाही. मॉडबस हा प्रोटोकॉल, म्हणजे उपकरणांनी एकमेकांशी बोलायची ठरलेली पद्धत, १९७९ मध्ये मोडिकॉनने आणला तेव्हा तो एका पॅनेलमधल्या तारेवरून चालायचा. समोरचा कोण आहे हे विचारायची सोय त्यात ठेवली नव्हती, आणि तीच पद्धत पुढे मॉडबस टीसीपीमध्ये पोर्ट ५०२ वर जशीच्या तशी आली. नेटवर्कवर पोहोचलेला कोणीही पीएलसीच्या मेमरीतले आकडे (रजिस्टर) बदलू शकतो. इथे बदलायला पासवर्डच नाही.

पायरी १: वही घेऊन प्लांटभर फिरा

सुरुवात यादीपासून. कागदावरची जुनी आय-ओ लिस्ट (इनपुट-आउटपुटची यादी) किंवा स्काडाचा स्क्रीनशॉट म्हणजे यादी नव्हे. प्रत्येक पॅनेलचे दार उघडून पाहा आणि कंपनी, मॉडेल, पूर्ण ऑर्डर नंबर, फर्मवेअरची (उपकरणातल्या मूळ सॉफ्टवेअरची) आवृत्ती, आयपी पत्ता, कोणत्या पोर्टला कोणती केबल, मोड स्विच कोणत्या स्थितीत आहे, प्रोग्राम कोणत्या लॅपटॉपवर आहे आणि तो कोणत्या आवृत्तीच्या सॉफ्टवेअरने उघडतो, हे सगळे लिहा. ऑर्डर नंबर पूर्ण लिहिणे महत्त्वाचे आहे, कारण सुरक्षा सूचना त्याच नंबरावर निघतात. नुसते ‘एस७-१२००’ लिहून काही कळत नाही.

फक्त पीएलसीवर थांबू नका. एचएमआय, ड्राइव्ह, इथरनेट कम्युनिकेशन मॉड्यूल, मॅनेज्ड स्विच, मॉडबस गेटवे, एनर्जी मीटर, यूपीएसचे नेटवर्क कार्ड या प्रत्येकाला स्वतःचे लॉगिन असू शकते.

चालू प्लांटमध्ये नेटवर्क स्कॅनर चालवायचा मोह आवरा. जुन्या पीएलसीच्या इथरनेट कार्डावर अनपेक्षित पॅकेट आले की ते अडकते, आणि त्यासोबत पंप किंवा कन्व्हेयरही थांबतो. स्कॅन करायचाच असेल तर शटडाऊनमध्ये करा किंवा टेबलावरच्या स्पेअर कंट्रोलरवर आधी करून बघा. चालू अवस्थेत मॅनेज्ड स्विचची मॅक टेबल वाचणे, पोर्ट मिररिंग (स्विचच्या एका पोर्टवरच्या रहदारीची प्रत दुसऱ्यावर घेणे) लावून वाहती रहदारी नुसती ऐकणे, हे मार्ग पुरेसे आहेत.

या फेरीत एक वस्तू विशेष शोधायची: सिम कार्ड घातलेला ४जी राउटर. पॅनेल बिल्डर किंवा इंटिग्रेटर (यंत्रणा जुळवून आणि प्रोग्राम करून देणारा कंत्राटदार) कमिशनिंगच्या वेळी ‘घरी बसून सपोर्ट देता येईल’ म्हणून तो पॅनेलमध्ये बसवतो. वर्षानुवर्षे त्याचे बिल दुसरेच कोणी भरत असते, आणि आयटी विभागाला त्याचा पत्ताही नसतो. पॅनेलमधून वर किंवा बाहेर जाणारी अँटेनाची काळी वायर दिसली की तिचा शेवट गाठल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पायरी २: इंटरनेटवरून आधी खाली उतरवा

पासवर्डच्या आधी हे काम, आणि हा क्रम मी आग्रहाने सांगतो. इंटरनेटवर उघड्या असलेल्या पीएलसीला कितीही चांगला पासवर्ड दिला, तरी तो पीएलसी दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकारातला निघाला तर त्या पासवर्डचा उपयोग शून्य.

प्रत्येक राउटरमध्ये लॉगिन करून पोर्ट फॉरवर्डिंगची, म्हणजे बाहेरून आलेली जोडणी आतल्या उपकरणाकडे वळवण्याच्या नियमांची, यादी पाहा. २०२५६, ५०२, सीमेन्सचा १०२, रॉकवेल आणि इतरांच्या इथरनेट-आयपीचा ४४८१८, रिमोट डेस्कटॉपचा ३३८९, व्हीएनसीचा ५९००: यातले काहीही आत वळवलेले दिसले तर आधी त्याचा फोटो काढा, ते कोण वापरते ते विचारा, आणि काढून टाका. यूपीएनपी (उपकरणांना आपणहून असे पोर्ट उघडू देणारी राउटरची सोय) बंद करा. राउटरचा स्वतःचा अ‍ॅडमिन पासवर्डही पाहा, तोही बहुधा कंपनीकडून आला तोच असतो. तुमचा सार्वजनिक आयपी पत्ता शोदानसारख्या शोधयंत्रात टाकून बघा. जगाला तुमच्या पत्त्यावर काय दिसते ते तिथे कळते, आणि तुमच्या प्लांटला एकही पॅकेट पाठवावे लागत नाही.

इंटिग्रेटरला दुरून काम करायचेच असेल तर व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी कूटबद्ध खासगी जोडणी) द्या, त्याला पासवर्डशिवाय दुसरी खातरजमा लावा, आणि जोडणी एरवी बंद ठेवा. त्याने फोन करायचा, शिफ्ट इंजिनिअरने ती सुरू करायची, काम झाले की बंद करायची आणि रजिस्टरमध्ये नोंद करायची. काही जण नुसता पोर्ट नंबर बदलून समाधान मानतात. त्याने आपोआप फिरणारे स्कॅनर थोडे चुकतात, यापलीकडे काही होत नाही. व्हीपीएनसोबत केले तर ठीक, त्याच्या जागी नको.

पायरी ३: बॅकअप, आणि तो परत चढवून बघणे

पासवर्ड बदलताना किंवा फर्मवेअर चढवताना कंट्रोलर रिकामा होऊ शकतो. म्हणून त्याआधी पीएलसीतला चालू प्रोग्राम लॅपटॉपवर अपलोड करून घ्या (पीएलसीतून लॅपटॉपवर घेणे म्हणजे अपलोड, पीएलसीत चढवणे म्हणजे डाउनलोड) आणि लॅपटॉपवरच्या मूळ प्रोजेक्टशी तो जुळवून पाहा. बहुतेक ठिकाणी फरक निघतो, कारण रात्रीच्या शिफ्टला कोणीतरी टायमर बदललेला असतो किंवा एखादा इंटरलॉक (धोक्याच्या स्थितीत यंत्र अडवणारी अट) बायपास केलेला असतो. तो फरक का आहे हे समजून घेऊन मगच पुढे जा.

अपलोड मिळाला म्हणजे सगळे मिळाले असे नाही. सीमेन्सच्या जुन्या एस७-३०० मधून लॉजिक परत येते, पण नावे आणि टिपा येत नाहीत. हजारो ओळींचे बिननावाचे लॉजिक रात्री दोन वाजता कोणी वाचू शकत नाही. मूळ प्रोजेक्ट इंटिग्रेटरकडेच असेल तर तो आत्ताच मागून घ्या. एचएमआयचा प्रोजेक्ट, ड्राइव्हचे पॅरामीटर, सेटपॉइंट (दाब, पातळी यांची ठरवून दिलेली किंमत) आणि पीआयडी या नियंत्रण पद्धतीच्या ट्यूनिंगच्या किमती वेगळ्या लिहून ठेवा. रिटेन्टिव्ह मेमरीतले (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीतले) आकडे प्रोग्रामच्या बॅकअपमध्ये येतातच असे नाही.

दोन प्रती करा. त्यातली एक नेटवर्कपासून पूर्ण तोडलेल्या डिस्कवर, कपाटात ठेवा. स्पेअर सीपीयू असेल तर त्यावर बॅकअप चढवून तो रनमध्ये जातो का ते बघा. हे न पाहता पुढे गेलात तर तुमच्याकडे फक्त एक फाइल आहे, बॅकअप नाही.

पायरी ४: तीन ढीग करा

आता यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे १, २ किंवा ३ लिहा. त्यासाठी उत्पादकाच्या सुरक्षा सूचना वाचाव्या लागतात. सीमेन्स आणि श्नायडर दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी त्या काढतात. भारताची सर्ट-इन आणि अमेरिकेची सिसा या सरकारी सायबर सुरक्षा संस्थांच्या संकेतस्थळांवर मॉडेलच्या नावाने शोधता येते. एका उपकरणापुढे दोन आकडेही येऊ शकतात: वेब पेजला बदलता येणारा पासवर्ड, आणि त्याच डब्यात मॉडबस उघडा.

एक नियम माझा स्वतःचा आहे. काही जुन्या पडद्यांवर पासवर्ड म्हणजे फक्त चार आकडे. चार आकड्यांच्या दहा हजार जोड्या होतात, आणि त्या सगळ्या करून पाहायला संगणकाला फार वेळ लागत नाही. अशा उपकरणाचा पासवर्ड बदलायचाच, पण ते दुसऱ्या ढिगात धरून बाहेरचे संरक्षणही द्यायचे.

पायरी ५: पहिला ढीग, पासवर्ड बदलणे

वर्क परमिट काढा आणि उत्पादनवाल्यांना वेळ सांगा. ज्या पंपाचा कंट्रोलर हाताळणार आहात तो पंप लोकलवर (जागेवरून हाताने चालवण्यावर) घेऊन त्याच्याजवळ माणूस उभा करा. दिवसा, एका वेळी एकच पॅनेल.

युनिट्रॉनिक्सच्या व्हिजन किंवा सांबा मालिकेचे उपकरण असेल तर व्हिजिलॉजिक या त्याच्या प्रोग्रामिंग सॉफ्टवेअरची ९.९.०० किंवा त्यानंतरची आवृत्ती घ्या. डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या या आवृत्तीपासून ठरावीक पासवर्ड बदलणे सक्तीचे झाले. लॅपटॉपवरचे सॉफ्टवेअर नवे केले म्हणजे कंट्रोलर सुधारला असे समजू नका. डब्यातली ऑपरेटिंग सिस्टीमही अद्ययावत करावी लागते आणि प्रोजेक्ट पुन्हा चढवावा लागतो.

कोणत्याही कंपनीचे उपकरण असो, एकाच डब्यात किती दारे आहेत ते मोजा. प्रोग्राम अपलोड-डाउनलोडचा पासवर्ड, पडद्यावरच्या सेटिंग मेनूचा, वेब सर्व्हरचा, एफटीपीचा, आणि एसएनएमपीमधले (उपकरणावर दुरून देखरेख करण्याच्या प्रोटोकॉलमधले) ‘पब्लिक’ आणि ‘प्रायव्हेट’ हे शब्द. यातले जे वापरात नाही त्याचा पासवर्ड बदलत बसू नका, ते सरळ बंद करा. एफटीपी आणि टेलनेट तर बंदच हवेत.

बदल करण्याआधी विचारायचा प्रश्न: हा पासवर्ड माणसाखेरीज आणखी कोण वापरते? स्काडाचा ड्रायव्हर, हिस्टोरियन (जुने आकडे साठवणारा संगणक) किंवा रिपोर्ट काढणारा संगणक तोच पासवर्ड वापरत असेल, तर पीएलसीवर बदलताच स्काडावर सगळे आकडे प्रश्नचिन्हांत जातील. दोन्ही बाजू एकाच वेळी बदलाव्या लागतात.

नवा पासवर्ड प्रत्येक साइटला वेगळा हवा. अनेक इंटिग्रेटर आपल्या सगळ्या ग्राहकांच्या पॅनेलमध्ये एकच पासवर्ड टाकतात, बहुधा फर्मचे नाव आणि वर्ष. तिथून नोकरी सोडून गेलेल्या प्रत्येक माणसाला तो ठाऊक असतो. तो बदलला नाही तर कंपनीच्या ठरावीक पासवर्डच्या जागी इंटिग्रेटरचा ठरावीक पासवर्ड आला, इतकेच.

बदलून झाल्यावर खात्री करून घ्या. दुसऱ्या लॅपटॉपवरून जुना पासवर्ड टाकून पाहा, तो नाकारला गेला पाहिजे. मग उपकरणाची पॉवर बंद करून चालू करा आणि पुन्हा टाकून पाहा. काही उपकरणांत बदल फक्त चालू मेमरीत राहतो आणि वीज जाऊन आली की जुना पासवर्ड परत येतो. यापेक्षाही जास्त वेळा घडणारी गोष्ट म्हणजे पासवर्ड हा प्रोजेक्ट फाइलचाच भाग असणे. दोन महिन्यांनी कोणीतरी जुन्या लॅपटॉपवरून जुनी फाइल पीएलसीत डाउनलोड करतो आणि ‘११११’ शांतपणे घरी परततो. म्हणून मूळ प्रोजेक्ट नव्या पासवर्डसह जतन करा, पायरी ३ चा बॅकअप नव्याने घ्या, आणि जुन्या प्रती सगळ्या लॅपटॉपवरून काढून वेगळ्या ठेवा.

पायरी ६: दुसरा ढीग, जिथे पासवर्ड बदलता येत नाही

सीमेन्स एस७-१२०० आणि एस७-१५०० साठी मार्ग आहे. एस७-१२०० ला फर्मवेअर ४.५, एस७-१५०० ला २.९.२ किंवा त्यापुढचे, आणि टीआयए पोर्टल हे प्रोग्रामिंग सॉफ्टवेअर व्ही१७ किंवा त्यापुढचे. इथे बरेच जण अर्ध्यावर थांबतात. नुसते फर्मवेअर चढवून भागत नाही. प्रोजेक्टमधली हार्डवेअर कॉन्फिगरेशनही नव्या आवृत्तीच्या सीपीयूची करून पुन्हा डाउनलोड करावी लागते, तेव्हाच सगळ्यांना सामायिक असलेली जुनी किल्ली बाजूला पडते. या नव्या पद्धतीत प्रत्येक सीपीयूसाठी, गुप्त कॉन्फिगरेशनच्या संरक्षणाचा म्हणून, वेगळा पासवर्ड मागितला जातो. तो जपून ठेवा. पुढे सीपीयू जळाला आणि जुने मेमरी कार्ड नव्या सीपीयूत घातले, तर हा पासवर्ड दिल्याशिवाय नवा सीपीयू चालू होत नाही. फक्त सुरक्षित संवादालाच परवानगी द्या हा पर्याय निवडण्याआधी जुने एचएमआय तो संवाद करू शकतात का ते तपासा. पुष्कळ जुन्या पॅनेलना तो जमत नाही.

रॉकवेलच्या लॉजिक्स त्रुटीला साधा पॅच नाही. उपाय समोरच आहे: कंट्रोलरच्या तोंडावरचा किल्लीचा स्विच रनवर ठेवा आणि किल्ली काढून कपाटात टाका. रनवर असताना दुरून प्रोग्राम बदलता येत नाही. रिमोटवर स्विच ठेवणे सोयीचे असते म्हणून असंख्य कंट्रोलर वर्षानुवर्षे रिमोटवर आहेत. ही सवय मोडणे हा या सगळ्या लेखातला सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि ज्या ज्या पीएलसीला असा स्विच आहे तिथे तो आजच करण्यासारखा आहे. शक्य असेल तिथे सीआयपी सिक्युरिटी (इथरनेट-आयपीवरचा संवाद सुरक्षित करणारी सोय) हीही लावा.

ज्या उपकरणांना नवे फर्मवेअर येतच नाही ती वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच स्विचवर वेगळ्या पाडलेल्या नेटवर्कमध्ये), फायरवॉलच्या मागे हलवा. फायरवॉलवर ‘हे अडवा’ अशी यादी करू नका. ‘फक्त हा स्काडा, फक्त हा इंजिनिअरिंग संगणक, फक्त हा पोर्ट’ एवढेच लिहा आणि बाकी सगळे बंद ठेवा. इंजिनिअरिंगचा तो संगणक ईमेल आणि ब्राउझिंगसाठी वापरायचा नाही. पुढच्या बजेटमध्ये ही उपकरणे बदलण्याची मागणी लेखी टाका, सीव्हीई क्रमांकासह. क्रमांक असला की फाइल वरच्या टेबलावर लवकर हलते.

पायरी ७: तिसरा ढीग

मॉडबससारख्या उघड्या प्रोटोकॉलला वरचाच व्हीलॅन आणि परवानगी-यादीचा उपाय लागू होतो. एक भर: औद्योगिक फायरवॉल मॉडबसचे फंक्शन कोड (वाचायचे की लिहायचे हे सांगणारे आकडे) वाचू शकते. रिपोर्टिंगचा संगणक फक्त वाचतो, मग त्याला ३ आणि ४ द्या, आणि लिहिणारे ५, ६, १५, १६ त्याच्यासाठी बंद करा. शिवाय पीएलसीच्या लॉजिकमध्येच सेटपॉइंटला कमाल-किमान मर्यादा घाला. क्लोरीन डोसिंगचा सेटपॉइंट स्काडावरून कोणी कितीही लिहिला तरी लॅडरने (पीएलसीतल्या प्रोग्रामने) त्याला मर्यादेपलीकडे जाऊ देता कामा नये. टाकीची हाय-हाय लेव्हल, मोटरचे ओव्हरलोड, इमर्जन्सी स्टॉप ही संरक्षणे तारेने जोडलेली असली पाहिजेत, नेटवर्कवर अवलंबून नकोत.

पायरी ८: पासवर्ड कोणाकडे राहणार

ठरावीक पासवर्ड वर्षानुवर्षे तसेच का राहतात? आळस हे त्याचे कारण नाही. भीती हे आहे: मध्यरात्री लाइन बंद पडली, पासवर्ड माहीत असलेला माणूस रजेवर गेला, तर काय? ही भीती रास्त आहे. तिला उत्तर न देता पासवर्ड बदलले तर महिनाभरात ते पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहिलेले सापडतील.

उत्तर असे. सगळे पासवर्ड इंटरनेटशिवाय चालणाऱ्या पासवर्ड मॅनेजरमध्ये, कीपाससारख्या, दोन जबाबदार माणसांकडे ठेवा. शिवाय प्रत्येक पॅनेलसाठी एक सीलबंद, सही केलेले पाकीट शिफ्ट इनचार्जच्या कुलूपबंद कपाटात ठेवा. गरज पडली तर पाकीट फोडायला कोणाची परवानगी लागू नये. फक्त रजिस्टरमध्ये वेळ, नाव आणि कारण लिहायचे. सकाळी तो पासवर्ड बदलून नवे पाकीट ठेवायचे. अलार्म स्वीकारणे आणि पंप थांबवणे या गोष्टींना पासवर्ड लावूच नका. संकटात ऑपरेटरचा हात अडला तर त्या सुरक्षेने नुकसानच केले.

नव्या कामाच्या निविदेतही हे लिहा: हस्तांतराच्या वेळी सर्व पासवर्ड, मूळ प्रोजेक्ट टिपांसह, आणि एकही ठरावीक पासवर्ड शिल्लक नसल्याची तपासणी. ही तपासणी झाल्याशिवाय शेवटचे बिल सोडायचे नाही. इंटिग्रेटर कुरकुर करतात, पण बिल अडले की आठवड्यात सगळे पासवर्ड हातात येतात.

पायरी ९: लक्ष ठेवणे

दर आठवड्याला पीएलसीतला प्रोग्राम जतन केलेल्या प्रोग्रामशी जुळवा. अनेक कंट्रोलर प्रोग्रामचा चेकसम (प्रोग्राम बदलला की बदलणारा आकडा) दाखवतात, तो रजिस्टरमध्ये उतरवायला दोन मिनिटे लागतात. मोड स्विच रनवर आहे का हे रोजच्या फेरीच्या चेकलिस्टमध्ये घाला. पीएलसी आणि स्काडाची घड्याळे एकसारखी ठेवा. घड्याळे वेगवेगळी असतील तर घटनेनंतर कशानंतर काय झाले हे जुळवता येत नाही. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय माहिती केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळलेली हवीत आणि लॉग १८० दिवस ठेवायला हवेत.

हल्ला झालाच तर

आधी प्रक्रिया हातात घ्या. सिलेक्टर लोकलवर घ्या आणि पंप व व्हॉल्व्ह हाताने चालवा. अ‍ॅलिक्विपा यामुळेच वाचले, आणि तुमच्याकडे ही सवय आहे का ते तिमाहीला एकदा प्रत्यक्ष चालवून पाहण्यानेच कळते. मग नेटवर्कची केबल काढा, पण उपकरणाची पॉवर घालवू नका, मेमरीतला पुरावा जातो. पडद्याचे, दिव्यांचे, स्विचच्या स्थितीचे फोटो काढा.

लगेच ‘आपला प्रोग्राम पुन्हा चढवू’ म्हणून धावू नका. युनिट्रॉनिक्सच्या हल्ल्यांत हल्लेखोरांनी मूळ लॅडरच्या जागी स्वतःचे लॉजिक घातलेच, शिवाय उपकरणांची नावे बदलली, पोर्ट बदलले, सॉफ्टवेअरची आवृत्ती जुनी केली आणि अपलोड-डाउनलोडची सोयच बंद केली. मालकाला स्वतःच्याच उपकरणात शिरायला वेळ लागावा हा त्यामागचा हेतू. अशा डब्याला पूर्ण फॅक्टरी रीसेट, नवे फर्मवेअर आणि कपाटातल्या तोडलेल्या डिस्कवरचा बॅकअप, या क्रमाने परत आणावे लागते. रीसेटनंतर पासवर्ड पुन्हा कंपनीचाच होतो. तो बदलल्याशिवाय केबल जोडायची नाही.

स्काडा आणि औद्योगिक नियंत्रण यंत्रणेवरचा हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला कळवणे भारतात बंधनकारक आहे. पूर्ण तपास होईपर्यंत थांबायचे नाही, हाती असेल तेवढी माहिती पाठवून बाकीची नंतर पाठवता येते. त्याच दिवशी दुसरा फोन इंटिग्रेटरला करा, आणि त्याने बसवलेली बाकीची पॅनेल कुठे कुठे आहेत, त्यांना तोच पासवर्ड आणि तोच राउटर आहे का, हे विचारून त्या प्लांटना कळवायला लावा.